दक्षिण आशियातील कॅथलिक धर्मभगिनींचे वैद्यकीय कार्य

दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन एखाद्या संघात सामूहिक जीवन जगणाऱ्या कॅथलिक ख्रिस्ती स्त्रियांना धर्मभगिनी म्हणतात. बोलण्यात ‘नन’ किंवा ‘सिस्टर’ हे शब्द अधिक ऐकू येतात. ‘धर्मभगिनी’ हा शब्द वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजात रूढ असून या लेखात तोच वापरला आहे. भारत, पाकिस्तान व बांगलादेश या देशांत धर्मभगिनींचे संघ शाळा, रुग्णालये, अनाथालये, वृद्धाश्रम आणि कुष्ठरोग केंद्रे चालवतात. त्यांच्या ‘कॉन्व्हेंट’ शाळा सर्वपरिचित आहेत. वैद्यकीय कार्याचा इतिहास मात्र तेवढा परिचित नाही.

या इतिहासाच्या मुळाशी एक पेच आहे. पडदा पाळणाऱ्या घरांतील स्त्रियांना पुरुष डॉक्टरने तपासलेले चालत नसे. त्यांच्यापर्यंत सहज पोहोचू शकणाऱ्या धर्मभगिनींना वैद्यकी करण्यास, विशेषतः प्रसूतीचे काम करण्यास, चर्चच्या नियमांनीच मनाई केली होती. ही मनाई १९३६ साली उठली, आणि ती उठण्यामागे रावळपिंडी व गुंटूर येथील अनुभवाचा मोठा वाटा होता.

पूर्वपीठिका

आशियातील स्त्रियांच्या जुन्या ख्रिस्ती मठांपैकी एक गोव्यात आहे. जुन्या गोव्यातील सांता मोनिका हा मठ आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १६०६ साली स्थापन केला. तो बंदिस्त मठ होता. एकदा आत गेलेली स्त्री बाहेर येत नसे, आणि प्रार्थना हेच तिचे कार्य मानले जाई. युरोपातही सोळाव्या शतकातील ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर स्त्रियांच्या व्रतस्थ जीवनाचा हाच नमुना प्रमाण ठरला होता. याला अपवाद होते. व्हिएतनाममध्ये १६७० साली सुरू झालेल्या ‘पवित्र क्रुसाच्या प्रेमिका’ या स्थानिक संघाच्या भगिनी गावांतून फिरून मुलींना शिकवीत आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. परंतु मठाबाहेर काम करणाऱ्या अशा संघांतील स्त्रियांना पूर्ण अर्थाने ‘व्रतस्थ’ मानायचे की नाही, हा प्रश्न रोममध्ये दीर्घकाळ अनिर्णित राहिला. तेराव्या लिओ पोपनी डिसेंबर १९०० मध्ये काढलेल्या आज्ञापत्राने अशा संघांना स्पष्ट मान्यता दिली.

तोपर्यंत उपखंडात त्यांची कामे सुरू होऊन बरीच वर्षे लोटली होती. आयर्लंडहून निघालेल्या लोरेटो भगिनी १८४१च्या अखेरीस कोलकात्यात उतरल्या. केरळमध्ये १८६६ साली कूनम्माव येथे चावरा कुरियाकोस एलियास आणि लिओपोल्ड बेक्कारो या धर्मगुरूंच्या पुढाकाराने स्थानिक स्त्रियांचा संघ उभा राहिला, तर रांचीत १८९७ साली चार उरांव तरुणींपासून ‘संत ॲना’ हा आदिवासी भगिनींचा संघ सुरू झाला. या सर्वांचा भर शिक्षणावर, अनाथ मुलींवर आणि शुश्रूषेवर होता. डॉक्टर मात्र त्यांत कोणी नव्हती.

पडद्याआडच्या रुग्ण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर भारतातील उच्चवर्णीय हिंदू आणि मुसलमान घरांतील स्त्री आजारी पडली तर वैद्य बाहेर बसे, दासी किंवा सासू आत जाऊन लक्षणे विचारून येई, आणि त्यावरून औषध दिले जाई. अडलेल्या बाळंतिणीला सुईणीखेरीज कोणी नसे. हे चित्र महाराष्ट्रालाही अनोळखी नव्हते. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेस जाण्यापूर्वी १८८३ साली श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात आपण डॉक्टर होण्यास का निघालो आहोत, हे सांगताना हिंदुस्थानला स्त्री डॉक्टरांची किती निकड आहे याचाच मुख्यतः आधार घेतला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून लेडी डफरिन यांचा निधी स्थापन झाला.

प्रॉटेस्टंट मिशनांनी ही गरज लवकर ओळखली. अमेरिकेच्या डॉ. क्लारा स्वेन १८७० सालीच बरेलीस आल्या. पुढे लुधियानात एडिथ ब्राऊन आणि वेल्लोरमध्ये आयडा स्कडर यांनी स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षणाची सोय केली. कॅथलिक मिशने या कामात मागे पडली. याचे कारण पैशाचा किंवा माणसांचा अभाव एवढेच नव्हते. खरी आडकाठी नियमाची होती.

मनाई

धर्मगुरूंनी शस्त्रक्रिया करू नये हा दंडक १२१५ सालच्या चौथ्या लॅटेरन धर्मपरिषदेइतका जुना आहे. १९१७च्या चर्चच्या कायदेसंहितेत तो कलम १३९ मध्ये आला. धर्मपीठाच्या विशेष परवानगीविना वैद्यकी किंवा शस्त्रक्रिया करू नये, असे ते कलम सांगते. कलम ५९२ने हेच बंधन व्रतस्थ स्त्री-पुरुषांना लागू केले. पुरुष धर्मगुरूंच्या संदर्भात जन्मलेला नियम अशा रीतीने स्त्रियांवर येऊन पडला. त्यात आणखी एक समजूत मिसळली होती. बाळंतपणाचे काम ब्रह्मचर्यव्रताशी विसंगत आहे, असे मानले जाई. त्यामुळे धर्मभगिनी जखम धुऊ शकत, ताप आलेल्याच्या उशाशी रात्रभर बसू शकत, मरणाऱ्याला पाणी पाजू शकत. पण अडलेल्या बाईचे मूल सोडवू शकत नसत. ज्या कामासाठी त्यांची सर्वाधिक गरज होती नेमके तेच वर्ज्य होते, हे येथे ध्यानात घ्यायला हवे.

ॲग्नेस मॅक्लारेन

या नियमाविरुद्ध पहिला पद्धतशीर प्रयत्न डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन (१८३७–१९१३) यांनी केला. त्या स्वतः धर्मभगिनी नव्हत्या. एडिनबरोचे महापौर व पुढे खासदार झालेले डंकन मॅक्लारेन यांची ही कन्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत होती. ब्रिटनमधील विद्यापीठे स्त्रियांना वैद्यकीय पदवी देत नसल्याने त्या फ्रान्समधील मोंपेलिये येथे शिकल्या आणि १८७८ साली तेथून पदवी घेतली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला.

रावळपिंडीच्या कॅथलिक मिशनकडून तेथील स्त्रियांची अवस्था कळल्यावर त्यांनी लंडनमध्ये एक समिती उभी केली. या समितीच्या पैशातून रावळपिंडीत स्त्रिया व मुले यांच्यासाठी सेंट कॅथरीन रुग्णालय निघाले. परिचारिका मिळाल्या, कायम टिकणारी डॉक्टर मिळेना. पगारी डॉक्टर येई आणि काही काळाने निघून जाई. डॉक्टरच व्रतस्थ असल्या तर काम टिकेल, हे मॅक्लारेन यांना दिसले. नियम शिथिल करावा म्हणून त्यांनी रोमच्या अनेक वाऱ्या केल्या. वाऱ्या हा शब्द येथे हेतुतः वापरला आहे. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंचा त्यामागे तेवढाच निश्चय होता. त्यांच्या हयातीत उत्तर आले नाही. मात्र त्यांच्या लेखनातून आणि त्यांच्याविषयीच्या लेखनातून दोन तरुण स्त्रियांपर्यंत हा विषय पोहोचला. एक होती ऑस्ट्रियात, दुसरी ऑस्ट्रेलियात.

मेरी ग्लाउरी आणि गुंटूर

मेरी ग्लाउरी (१८८७–१९५७) या ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतातल्या. मेलबर्नमध्ये त्या डॉक्टर म्हणून स्थिरावल्या होत्या. १९१५ साली मॅक्लारेन यांच्यावरील एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि त्यांनी भारतात जाण्याचे ठरवले. फेब्रुवारी १९२० मध्ये त्या आजच्या आंध्र प्रदेशातील गुंटूर येथे पोहोचल्या आणि ‘येशू-मारिया-योसेफ’ या मूळच्या डच संघात दाखल झाल्या. पंधरावे बेनेडिक्ट पोप यांनी त्यांना डॉक्टर म्हणून काम करण्याची विशेष परवानगी दिली होती. नियम तसाच राहिला. एका व्यक्तीपुरता अपवाद झाला.

त्यांनी केवळ रुग्ण तपासले नाहीत. स्थानिक मुलींना औषधे तयार करणे, परिचर्या आणि सुईणकाम शिकवले. कारण एका डॉक्टरने जिल्ह्याला पुरे पडणे अशक्य होते. त्यांच्याच पुढाकाराने १९४३ साली देशभरातील कॅथलिक रुग्णालयांची एक संघटना स्थापन झाली. आज ‘कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि सिकंदराबाद येथे कार्यालय असलेल्या या संघटनेत साडेतीन हजारांच्या आसपास संस्था आहेत. त्यांतील बऱ्याच संस्था म्हणजे एकदोन भगिनी चालवीत असलेले खेड्यांतले छोटे दवाखाने होत.

ॲना डेंगल आणि १९३६

ॲना डेंगल (१८९२–१९८०) यांचा जन्म ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात श्टेग या खेड्यात झाला. लहानपणीच त्यांची आई वारली. डॉक्टर होण्याच्या इच्छेमागे हे दुःख असावे असे चरित्रकार मानतात. मॅक्लारेन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. भेट मात्र कधीच झाली नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात काम करायचे तर तेथे मान्य असलेली पदवी हवी, म्हणून मॅक्लारेन यांच्या सल्ल्याने त्यांनी आयर्लंडमधील कॉर्क येथे शिक्षण घेतले. पहिले महायुद्ध चालू होते आणि ऑस्ट्रियन असल्याने त्या तेथे शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरत. १९१९ साली पदवी घेऊन १९२० मध्ये त्या रावळपिंडीच्या सेंट कॅथरीन रुग्णालयात रुजू झाल्या.

तीनचार वर्षे त्यांनी तेथे जवळजवळ एकटीने काम केले. व्रत घ्यायचे तर वैद्यकी सोडावी लागणार आणि वैद्यकी करायची तर व्रतापासून दूर राहावे लागणार, ही निवड त्यांना मान्य नव्हती. अमेरिकेत जाऊन मायकेल मॅथिस या धर्मगुरूंच्या साहाय्याने त्यांनी एक मधला मार्ग काढला. ३० सप्टेंबर १९२५ रोजी वॉशिंग्टन येथे डेंगल, आणखी एक डॉक्टर आणि दोन परिचारिका अशा चौघींनी ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ हा संघ सुरू केला. कायद्याच्या दृष्टीने त्या व्रतस्थ नव्हत्या. त्यांनी जाहीर व्रते घेतली नाहीत. केवळ एक प्रतिज्ञा घेतली आणि धर्मभगिनींसारखेच जीवन जगू लागल्या. नियम मोडला नाही आणि कामही थांबले नाही. १९२७ साली त्यांनी रावळपिंडीत होली फॅमिली रुग्णालय सुरू केले.

पुढे, ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, मिशन प्रदेशांची व्यवस्था पाहणाऱ्या रोमच्या खात्याने एक सूचनापत्र काढले. मिशन प्रदेशांतील माता व अर्भके यांच्या आरोग्यासाठी भगिनींनी वैद्यकीय व परिचर्येच्या पदव्या मिळवाव्यात आणि प्रसूतीचे कामही करावे, असा त्याचा आशय होता. कालपर्यंत जे वर्ज्य होते त्याला आता उत्तेजन मिळाले. डेंगल यांच्या संघाने त्यानंतर जाहीर व्रते घेतली.

या बदलाचे श्रेय कोणाला द्यावे? हा केवळ वरिष्ठांच्या औदार्याचा परिणाम नव्हता, असे म्हणणे भाग आहे. रावळपिंडी आणि गुंटूर येथील दवाखान्यांच्या दारात बसलेल्या स्त्रियांनी तो प्रश्न आधीच निर्माण करून ठेवला होता, आणि तीन स्त्री डॉक्टरांनी तो पुनःपुन्हा रोमपुढे नेला होता.

पाटणा, कालीघाट, टिटागढ

मेडिकल मिशन सिस्टर्सनी पाटण्यातही होली फॅमिली रुग्णालय चालवले. ते आरंभी पाटणा शहराच्या जुन्या भागातील ‘पादरी की हवेली’ या चर्चच्या आवारात होते. पुढे ते कुर्जी येथे गेले. ऑगस्ट १९४८ मध्ये लोरेटो संघातून बाहेर पडलेल्या एक अडतीस वर्षांच्या शिक्षिका तेथे परिचर्येचे प्राथमिक धडे घेण्यासाठी आल्या. त्या म्हणजे मदर तेरेसा (१९१०–१९९७). आपल्या नव्या संघातील भगिनींनी गरिबातल्या गरिबासारखे केवळ भात आणि मीठ खाऊन राहावे, असा त्यांचा विचार होता. अशाने भगिनी स्वतःच क्षयाला बळी पडतील, असे डेंगल यांनी त्यांना बजावले, आणि तो सल्ला त्यांनी मानला. मदर तेरेसांवरील लोकप्रिय लेखनात पाटण्याचे हे प्रकरण बहुधा एका ओळीत आटोपते. वास्तविक दोन परंपरांचा सांधा तेथे आहे.

मदर तेरेसांच्या ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ संघाला ७ ऑक्टोबर १९५० रोजी मान्यता मिळाली. नेहमीच्या तीन व्रतांखेरीज ‘अत्यंत गरिबांची मनोभावे विनामूल्य सेवा’ हे चौथे व्रत या भगिनी घेतात. ऑगस्ट १९५२ मध्ये कोलकात्याच्या काली मंदिरालगतच्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत ‘निर्मल हृदय’ सुरू झाले. रस्त्यावर मरणाच्या दारात असलेल्यांना तेथे आणले जाई. टिटागढ येथील कुष्ठरोग केंद्रात रुग्ण हातमागावर कापड विणतात. भगिनींच्या निळ्या काठांच्या पांढऱ्या साड्या तेथेच तयार होतात. मुंबईत भायखळ्याचे ‘आशा दान’ हे याच संघाचे.

डेंगल आणि तेरेसा यांच्या कामांतील भेद महत्त्वाचा आहे. डेंगल यांना रुग्णालय हवे होते. पात्रताधारक डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, परिचारिकांचे प्रशिक्षण हवे होते. सेवाभाव वैद्यकीय ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही, असे त्यांचे मत होते. तेरेसा यांना घर हवे होते. ज्याच्यावर उपचाराची वेळ टळून गेली आहे त्याला शेवटी माणसाचा स्पर्श मिळावा, एवढाच त्यांचा हेतू होता. पुढे झालेल्या टीकेचे मूळ बऱ्याच अंशी या भेदात सापडते.

कराचीतील कुष्ठरोग निर्मूलन

रूथ फाऊ (१९२९–२०१७) या जर्मनीतील लाइपत्सिग येथे जन्मलेल्या डॉक्टर. त्या ‘मारियेच्या हृदयाच्या कन्या’ या फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात स्थापन झालेल्या संघाच्या सदस्य होत्या. क्रांतीच्या धामधुमीत मठांवर बंदी असल्याने या संघाने आरंभापासूनच धर्मभगिनींचा वेष टाळला. त्यामुळे फाऊ पाकिस्तानात सलवार-कमीज आणि ओढणी अशा वेषातच वावरल्या. १९६० साली भारताकडे निघालेल्या असताना परवान्याच्या अडचणीमुळे त्या कराचीत थांबल्या. तेथे रेल्वे स्थानकामागील कुष्ठरोग्यांची वस्ती त्यांनी पाहिली आणि पुढे जन्मभर त्या तेथेच राहिल्या.

त्यांच्या संघाच्या भगिनींनी या वस्तीत १९५६ पासूनच एक लहान दवाखाना चालवला होता. फाऊ यांनी वेल्लोर येथे कुष्ठरोगाच्या उपचारांचे शिक्षण घेतले आणि या दवाखान्याचे ‘मेरी ॲडलेड कुष्ठरोग केंद्र’ या पूर्ण रुग्णालयात रूपांतर केले. त्यांच्या यशाचे मर्म मात्र कराचीबाहेर आहे. कुष्ठरुग्ण समाजाच्या भीतीने लपून राहतो. तो दवाखान्यात येत नाही, म्हणून दवाखान्यानेच त्याच्याकडे जायला हवे, हे त्यांनी ओळखले. गावोगावच्या तरुणांना, त्यांत रुग्णांच्या घरातील मुलांनाही, क्षेत्रीय तंत्रज्ञ म्हणून शिकवून त्यांच्याच मुलखात नेमले. बलुचिस्तान, सरहद्द प्रांत आणि उत्तरेकडील डोंगराळ भागात दीडशेहून अधिक केंद्रे उभी राहिली, आणि सरकारने ही योजना राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारली. १९८० नंतर बहुऔषधी उपचार आले तेव्हा औषध रुग्णापर्यंत नेणारी माणसे आधीच तयार होती. १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेने पाकिस्तानात कुष्ठरोग आटोक्यात आल्याचे जाहीर केले.

फाऊ यांना १९८८ मध्ये पाकिस्तानचे नागरिकत्व मिळाले. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्या मुस्लिम राष्ट्राने एका कॅथलिक धर्मभगिनीला शासकीय इतमामात निरोप दिला. कराचीच्या सिव्हिल रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले.

आत्मिक सेवा आणि तिची मर्यादा

कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांना धर्मगुरुपद मिळत नाही. त्यामुळे धर्मभगिनी मिस्साविधी करू शकत नाहीत किंवा पापनिवेदन ऐकू शकत नाहीत. मुलांना धर्मशिक्षण देणे, धर्मग्रामातील कुटुंबांना भेटी देणे, आजाऱ्यांकडे पवित्र कम्युनियन घेऊन जाणे, विधवांना आणि एकाकी वृद्धांना धीर देणे ही त्यांची कामे. आदिवासी भागात मात्र या कामाची सीमा आपोआप रुंदावते. केरळमधून आलेल्या राणी मारिया (१९५४–१९९५) या फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघाच्या भगिनी मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात उदयनगर येथे आदिवासींना सावकारी पाशातून सोडवणे, सरकारी योजनांचे कर्ज मिळवून देणे असे काम करीत. ज्यांचे हितसंबंध दुखावले त्यांच्या चिथावणीवरून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धावत्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. त्यांची धाकटी बहीणही याच संघात होती. तिने २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली आणि पुढे त्याच्या सुटकेसाठी कुटुंबानेही अर्ज केला. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूर येथे राणी मारिया यांना ‘धन्यवादित’ घोषित करण्यात आले.

आक्षेप

या कार्यावरील सर्वांत जुना आक्षेप धर्मांतराचा आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५६ साली तत्कालीन मध्य प्रदेश सरकारला (नागपूर ही तेव्हा त्या राज्याची राजधानी होती) अहवाल सादर केला. शाळा व रुग्णालये धर्मांतराचे साधन म्हणून वापरली जातात, असा ठपका त्यात होता. ख्रिस्ती संस्थांनी हा निष्कर्ष अमान्य केला. निर्मल हृदयमध्ये मरणासन्नांना बाप्तिस्मा दिला जातो, असाही आरोप झाला.

दुसरा आक्षेप वैद्यकीय आहे आणि तो अधिक नेमका आहे. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी १९९४ मध्ये कोलकात्याच्या भेटीनंतर लिहिले की, तेथे स्वच्छता आणि माया आहे; पण निदानाची शिस्त नाही आणि तीव्र वेदनाशामक औषधे दिली जात नाहीत. बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णाला मरणासन्न समजले जाण्याचा धोका त्यांनी दाखवला. पैशाचा विनियोग आणि वेदनेचे उदात्तीकरण यांवर क्रिस्टोफर हिचेन्स आणि अरूप चटर्जी यांनी पुस्तके लिहिली. आपले घर हे रुग्णालय नव्हे, हे संघाचे उत्तर होते. मेडिकल मिशन सिस्टर्सच्या रुग्णालयांना ही टीका सहसा लागू होत नाही. ‘धर्मभगिनींचे कार्य’ असे सरसकट बोलताना हा फरक विसरला जातो.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या परदेशी देणग्यांच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. जानेवारी २०२२च्या पहिल्या आठवड्यात तो पूर्ववत झाला.

सद्यस्थिती

रावळपिंडीचे होली फॅमिली रुग्णालय आता पंजाब सरकारकडे असून तेथील वैद्यकीय विद्यापीठाशी संलग्न आहे. परदेशी भगिनींची संख्या उपखंडात अत्यल्प उरली आहे. केरळ, झारखंड, छत्तीसगड येथून आलेल्या भगिनींनी त्यांची जागा घेतली आहे. कॅथलिक बिशपांनी १९६३ साली बंगळूर येथे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. ग्लाउरी यांनी अशा महाविद्यालयाची कल्पना फार पूर्वी मांडली होती, आणि अनेक डॉक्टर भगिनी आज तेथूनच पदवी घेऊन बाहेर पडतात. खेड्यांतील लहान दवाखान्यांपुढे वेगळी अडचण आहे. २०१०चा वैद्यकीय आस्थापना कायदा जेथे लागू झाला तेथे नोंदणी आणि किमान मानके बंधनकारक झाली असून, केवळ परिचारिका भगिनीच्या भरवशावर चालणाऱ्या दवाखान्याला पात्र डॉक्टर मिळवणे हाच कळीचा प्रश्न बनला आहे. कायमची डॉक्टर मिळत नाही, ही सेंट कॅथरीन रुग्णालयाची तक्रार होती; झारखंडच्या डोंगरातील दवाखान्याचीही आज तीच तक्रार आहे.